जिताड्याचा पहिला घास

रायगडच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी घराजवळच्या तळ्यांत पिढ्यानपिढ्या जोपासलेला जिताडा मोठेपणी कोलंबी आणि लहान मासे गट्ट करणारा पट्टीचा शिकारी असला, तरी अंड्यातून बाहेर पडते वेळी त्याला उघडे तोंडही नसते. मिलिमीटरहून कमी व्यासाच्या अंड्यातून सतरा-अठरा तासांत बाहेर येणारे हे पिल्लू, ज्याला मत्स्यव्यवसायात ‘जिरे’ म्हणतात, जेमतेम दीड मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असते. त्याच्या डोळ्यांत रंगद्रव्य उतरलेले नसते, आतडे म्हणजे एक सरळ नळी असते आणि पोटाखालच्या पीतकावर, म्हणजे अंड्यातून सोबत आलेल्या बलकावर, त्याचे दोन-अडीच दिवस निघतात. तेवढ्या अवधीत तोंड उघडून, डोळे कामाला लागून बाहेरचे अन्न पोटात गेले नाही, तर पुढे कितीही अन्न समोर आले तरी ते खाण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. समुद्रातील माशांची एखाद्या वर्षीची पिढी भरघोस किंवा तुटपुंजी का निघते, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये याच नाजूक काळाकडे बोट दाखवून केला होता.

जिऱ्यांच्या या पहिल्या अन्नाचा पाया म्हणजे सूक्ष्मशैवाल, अर्थात पाण्यात सुटे तरंगणारे, सूर्यप्रकाशावर वाढणारे एकपेशीय वनस्पतिसदृश जीव होत. माशांच्या पिल्लांची पैदास करणाऱ्या बीजोत्पादन केंद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या नॅनोक्लोरोप्सिसची पेशी अवघी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी असल्याने जिरे तिची शिकार करू शकत नाही. म्हणून मध्ये रोटिफर लागतो. शंभर ते तीनशे मायक्रॉनचा हा प्राणी डोक्यावरच्या केसलांनी, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी, भोवरा निर्माण करून शैवाल गाळून खातो, संथ पोहतो, झपाट्याने वाढतो आणि त्याची लहान जात जिताड्याच्या इवल्या तोंडात मावते. जपानमधील ईल माशांच्या तळ्यांत उपद्रवी ठरलेल्या याच जीवाचा पिल्लांचे खाद्य म्हणून उपयोग होऊ शकतो, हे ताकाशी इतो यांनी १९६० मध्ये दाखवून दिले आणि समुद्री माशांच्या कृत्रिम बीजोत्पादनाची वाट मोकळी झाली.

तथापि रोटिफरचे खरे मोल त्याने काय खाल्ले आहे यावर ठरते. केवळ बेकरीच्या यीस्टवर वाढवलेले रोटिफर संख्येने भरपूर मिळतात, पण त्यांत डीएचए आणि ईपीए ही लांब साखळीची मेदाम्ले नगण्य असतात. समुद्री माशांना ती स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करता येत नाहीत आणि मेंदू व डोळ्याचे दृष्टिपटल घडवायला डीएचए तर अत्यावश्यक असते. नॅनोक्लोरोप्सिस ईपीएने समृद्ध, तर आयसोक्रायसिस डीएचएने. त्यामुळे दोन्ही शैवाले मिळून रोटिफरला खाऊ घालणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

याहून कमी लक्षात घेतली जाणारी बाब म्हणजे शैवाल जिऱ्यांच्या टाकीतही सोडावे लागते. या ‘हिरव्या पाण्या’च्या पद्धतीत मिलिलिटरमागे सुमारे लाखभर पेशी राखल्या जातात. टाकीतले रोटिफर त्यांवर चरत राहतात, नाहीतर काही तासांत त्यांचे पोट रिकामे होऊन जिऱ्याच्या तोंडी पडणारा घास निःसत्त्व होतो. हिरवटपणामुळे प्रकाश विखुरतो आणि भक्ष्य पार्श्वभूमीवर उठून दिसते. नितळ पाण्यात पिल्ले भिंतीवर डोके आपटत राहतात, तर हिरव्या पाण्यात ती शरीर इंग्रजी एस अक्षरासारखे आकसून घेतात, क्षणभर थबकतात आणि रोटिफरवर झेपावतात. शिवाय जिवंत शैवाल अमोनिया शोषते आणि पाण्यातील व आतड्यातील जिवाणूंचे संतुलन राखण्यास हातभार लावते. काही देशांत कॉडच्या पिल्लांसाठी शैवालाऐवजी बारीक चिकणमाती वापरून प्रकाशाचा परिणाम साधला गेला, पण माती ना रोटिफरचे पोट भरते, ना अमोनिया शोषते.

त्यामुळे कोणत्याही बीजोत्पादन केंद्राची खरी परीक्षा शैवालकक्षात होते. तेथे निर्जंतुक चंबूतील संवर्ध, म्हणजे एकाच जातीची वाढवलेली पेशीसंख्या, टप्प्याटप्प्याने काचेच्या मोठ्या बरण्यांत आणि मग फायबरच्या टाक्यांत वाढवला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रोज मोजल्या जातात, कारण पक्ष्माभी प्राण्यांचा, म्हणजे केसलांनी पोहणाऱ्या एकपेशीय भक्षकांचा शिरकाव झाला की गर्द हिरवी टाकी एक-दोन दिवसांत पिवळट पडते, तळाशी गाळ बसतो आणि जिऱ्यांचे तोंड उघडण्याच्या नेमक्या दिवशी रोटिफर उपाशी राहतात. म्हणूनच नर-मादीला विणीसाठी संप्रेरकाचे इंजेक्शन देण्याच्या कितीतरी आधी शैवालाची तयारी पूर्ण असावी लागते.

भारतात जिताड्याचे बंदिस्त प्रजनन प्रथम साधले ते चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने, १९९७ मध्ये. कोकणातील खाड्यांत पिंजऱ्यांत सोडली जाणारी बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्ले, अशाच केंद्रांच्या कामावर अवलंबून असतात. कोकणच्या किनाऱ्यावर असे काम उभे करायचे, तर मुख्य अडचण पावसाळ्याची आहे. जिताड्याचा विणीचा हंगाम आणि मोसमी पाऊस यांची गाठ पडते, त्याच महिन्यांत आभाळ झाकोळलेले असते आणि खाडीच्या पाण्याची क्षारता घसरते. तेव्हा शैवालासाठी कृत्रिम प्रकाशाची बंदिस्त खोली आणि पावसापूर्वी साठवून गाळलेले खारे पाणी यांची तरतूद आराखड्यातच करावी लागेल.