हिरवं की गुलाबी?

कूलंटच्या रंगाला तसा काही अर्थ नसतो, हे आधीच सांगून टाकतो. हिरवं, गुलाबी, निळं... रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. एकाचं हिरवं आणि दुसऱ्याचं हिरवं आतून पार वेगळं असू शकतं. आता हे लिहायचं कारण म्हणजे आमचा भाचा. येत्या ऑक्टोबरात हिमालयन ४५० घेऊन स्पितीला निघालाय, तोही एकटा! आणि दुकानदाराने त्याला चक्क रंगावरून बाटली निवडायला सांगितली. ताई हे वाचणार आहेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तेवढीच काळजी कमी.

जुनी ४११ची हिमालयन हवेवर आणि ऑइलवर थंड व्हायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४५० आली, ती रेडिएटर घेऊन. हायवेला वारा फुकट मिळतो हो. पण दगडगोट्यांच्या चढावर, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून माणसाच्या चालीने जाताना इंजिन राब राब राबतं आणि वारा शून्य. सगळा भार पंख्यावर. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला की तोही हतबल.

त्यात उंची. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, काझ्याला ८७-८८ लाच. रेडिएटरचं झाकण आत दाब धरतं म्हणून उकळणं लांबतं खरं, पण ते बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीकच जास्त दाब धरतं. बाहेरची हवाच विरळ झाली की आतला एकूण दाबही उतरतो. आणि रात्री उलटा खेळ. ऑक्टोबरात तिथे पारा शून्याखाली जातो, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

यावर उपाय इथिलीन ग्लायकॉलचा. निम्मं ते आणि निम्मं पाणी, की मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं आणि उकळतंही उशिरा. मग नुसतं ग्लायकॉलच का भरू नये? तर गंमत अशी, की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं! शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाण्याची सर त्याला नाही. त्यामुळे 'जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं' हा आपला दुधाचा हिशोब इथे लावू नये.

माझ्या मते बाटलीइतकंच महत्त्व पाण्याला आहे. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरमध्येही चढणार. मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर सरळ तयार मिश्रण घ्यावं. मी त्याला तयारच घ्यायला सांगितलंय. बाटलीवर रंग नाही, प्रकार वाचायचा आणि तो गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघायचा. गंज रोखणारी रसायनं प्रत्येकात वेगळी. सिलिकेटवालं पंपाच्या सीलला घासतं म्हणून काही कंपन्या ते नकोच म्हणतात. दोन प्रकार एकत्र केले तर रसायनांचं काम बिघडतं, कधी गाळही धरतो. म्हणजे जुनं पूर्ण काढूनच नवं भरायचं.

त्याच्या एका मित्राने वॉटरलेस कूलंटचं खूळ डोक्यात घातलं होतं. ते १८० अंशांच्या पुढे उकळतं, हे खरं. पण त्यात पाणी चालत नाही. लोसरच्या अलीकडे दगड लागून पाइप फुटला तर तो आणणार कुठून? साध्या कूलंटमध्ये अडीअडचणीला ओढ्याचं पाणी घालून गावापर्यंत तरी पोचता येतं. (रात्री गोठायच्या आत ते काढायचं, आणि गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही. हे दहा वेळा सांगून झालंय.)

शेवटी त्याने तयार मिश्रण भरून घेतलं, अर्धा लिटर सोबत नेतोय. फक्त ताई, एक कर. ते दिसायला थेट कोकम सरबतासारखं आहे, चवीला गोड असतं आणि जहाल विषारी. लाडवांच्या डब्याशेजारी ती बाटली भरू नकोस.