पाप कुणाचं?

आईच्या डायलिसिससाठी मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी कारण सांगून जायचा. कुणी मागच्या जन्माकडे बोट दाखवी, आमच्या मंडळीतले लोक ‘देवाची इच्छा’ म्हणत. दोन्हींचा मला सारखाच त्रास होई. सुया टोचून टोचून काळीनिळी पडलेली आईच्या हातावरची शीर ही देवाची इच्छा? अशा देवापुढे मला गुडघे टेकता आले नसते.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू तो हिशेबच मोडीत काढतो. थुंकीनं चिखल कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो.

मिरजेत असा चिखल कालवणारे हात पुष्कळ होऊन गेले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय उघडलं. पुढे कुष्ठरोग्यांची, क्षयरोग्यांचीही सोय झाली. घरच्यांनीच बाहेर काढलेल्या कुष्ठरोग्याची जखम धुताना, यानं काय पाप केलं असेल, हे विचारायला सवड तरी कुणाला असणार?

‘का’चं उत्तर मिळेपर्यंत न थांबता कामाला लागण्याचं म्हणाल, तर मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १८९५ मध्ये नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. मग १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि दोनच वर्षांत ते गेले. मागे राहिलेलं त्यांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी! नवऱ्याच्या वियोगाचा अर्थ कळेपर्यंत त्या थांबून राहिल्या नाहीत.

आईसुद्धा ‘मलाच का?’ म्हणून रडली होती. मी तिला गप्प केलं नाही; क्रुसावर येशूनंही ‘का’ असंच विचारलं होतं. पण शेजारच्या कॉटवर जतकडची एक तरुण बाई आली, त्या दिवशी आईचं बोलणं पालटलं. “पालेभाजी चिरून पाण्यात ठेव, मग उकळ आणि ते पाणी ओतून दे. मीठ बेतानं. पाणी भांड्यानं मोजून पी, तहान लागली की नुसती चूळ भर.” मशीन चालू होतं, तोवर हे चाललेलं. परतीच्या गाडीत आईनं डोळे मिटून प्रार्थना केली, त्यात स्वतःच्या दुखण्याचा उल्लेखही नव्हता. नंतर मला म्हणाली, “तिच्याकडे मोजायचं भांडं नसेल रे, पुढच्या वेळी आपलं एक घेऊन ये.”