हुकूम आणि अंमल

हुकूम निघणे आणि त्याचा अंमल होणे, यांत किती अंतर असते हे संसारी माणसाला सांगायला नको. ‘उद्यापासून सगळ्यांनी पहाटे उठायचे’ असे जाहीर झाल्यावर कोणते घर दुसऱ्या दिवशी पहाटे उठले आहे? यंत्र मात्र सांगितल्याबरोबर ऐकते, असा आपला भरवसा असतो. माझ्या नोकरीत तो फार दिवस टिकत नाही.

मी एका कचेरीचा डेटाबेस सांभाळतो. म्हणजे तिच्या साऱ्या खातेवह्या ज्या यंत्रात राहतात, त्याचा मी कारभारी. आमचा डेटाबेस पोस्टग्रेसचा. १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात या घराण्याचा आरंभ झाला. त्याने कसे वागावे, हे एका साध्या फाइलीत लिहिलेले असते. नियम बदलायचा तर जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा, की झाले. पण पुष्कळदा आकडा बदलतो आणि यंत्र ढिम्म!

अशा वेळी चिडू नये, चौकशी करावी. ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह राहिले असेल, तर ती ओळ तो वाचतच नाही. शिवाय त्याच्यापाशी आणखी एक ‘ऑटो’ फाइल असते. ती मागाहून वाचली जाते आणि घरातल्या आजीप्रमाणे शेवटचा शब्द तिचा असतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. काही नियम ‘रीलोड’ म्हणताच लागतात. तरीही हातातले काम तो जुन्या नियमाने पुरे करतो आणि मगच नवा वाचतो. काही नियम एखाद्या वापरणाऱ्यापुरते असतात. ते त्याच्या पुढच्या भेटीपासून लागतात. आणि काही पायाचे दगड! एकाच वेळी किती जोडण्या घ्यायच्या, हा त्यांतलाच. त्यासाठी लागणारी जागा तो सुरू होतानाच आखून घेतो. ती वाढवायची तर सारे बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. २०१६ साली आलेल्या ९.५ आवृत्तीपासून त्याच्या तक्त्यात ‘पेंडिंग रिस्टार्ट’ असा रकानाच आहे. ‘ऐकले आहे, पण अजून वेळ आलेली नाही’ असे इतक्या सभ्यपणे सांगणारी माणसे मी थोडीच पाहिली आहेत.

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमची शंभर जोडण्यांची मर्यादा भरली. नवा येणारा दारातूनच परत जाऊ लागला. मी दोनशेचा आकडा लिहून ठेवला. ‘मग बंद करून चालू करा की!’ साहेब म्हणाले. पण आत माणसे काम करीत होती. कोणाचे बिल अर्धे झाले होते, कोणाचा बोनस चढायचा होता. त्या क्षणी यंत्र बंद केले असते, तर त्यांची अर्धी कामे पुसली गेली असती. मी नुसत्याच रिकाम्या बसलेल्या जोडण्या तेवढ्या तोडल्या आणि रात्री कचेरी सुटेपर्यंत थांबलो. साहेब दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांचा राग मला समजतो. दाराबाहेरची माणसे त्यांना दिसत होती. आतली माणसे मात्र फक्त त्या यंत्राला आणि मला दिसत होती. जुन्या नियमावर विसंबून जो कामाला बसला आहे, त्याला ते काम पुरे करू द्यावे, एवढी माणुसकी नव्या हुकुमात असायला हवी. मग अंमल रात्री झाला तरी काय बिघडले?