वाचू लागणाऱ्या मुलाची कैफियत

पहिलीच्या वर्गातील एखाद्या मुलाने पाठ्यपुस्तक हाती धरून, ओळींवर बोट फिरवीत, कोठेही न अडखळता धडा म्हणून दाखवावा, आईबापांनी कृतार्थ व्हावे, गुरुजींनी नोंदवहीत ‘वाचन उत्तम’ असा शेरा मारावा, आणि त्याच धड्यातील मधलेच एखादे वाक्य निराळ्या कागदावर लिहून पुढे ठेवले असता त्याच मुलाने खाली मान घालून गप्प उभे राहावे, हा प्रकार अध्यापक विद्यालयातील नोकरीच्या काळात मी इतक्या गावी पाहिला की पुढे पुढे त्याचे नवल वाटेनासे झाले. उलटपक्षी, जे मूल शब्दाशब्दाशी झटत असते, एका अक्षरावर थबकून पुन्हा मागे जाते, चुकते आणि स्वतःच सुधारते, त्याच्या नावापुढे ‘कच्चा’ हा शेरा बिनदिक्कत पडतो. या दोन्ही शेऱ्यांविरुद्ध मला दाद मागावयाची आहे. कारण पहिल्या मुलाने पाठांतर केले आहे, आणि वाचनाला खरा आरंभ दुसऱ्याने केला आहे.

मराठीची व्यंजने ३४. प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरांचा हिशेब निराळाच. एवढा पसारा लहानग्यांच्या पदरी घालण्यासाठी आपल्या पूर्वजांनी बाराखडीचा जो जाबता बसवून दिला, त्याची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की’ असा घोष करणारे मूल एका अक्षरावर जो नियम शिकते, तोच उरलेल्या तेहतिसांवर चालविण्याची किल्ली त्याच्या हाती येते, ही सोय रोमन लिपीत शिकणाऱ्या मुलाला नाही. तथापि घोषाला क्रम असतो आणि शब्दातील अक्षरांना तो क्रम नसतो. ‘कु’ दाखवून हे काय म्हणून विचारले, तर पुष्कळ मुले ओठ हलवीत ‘क’पासून एकेक पायरी चढत येतात व पाचव्या पायरीवर थांबून उत्तर देतात. उत्तर बरोबर असते. पण प्रत्येक अक्षरासाठी असा जिना चढावा लागला, तर वाक्याच्या शेवटी पोचेतो त्याचा आरंभ विस्मृतीत गेलेला असतो.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे, आणि ज्यांना वाचता येते त्यांच्या कानांना ती ऐकूच येत नाही. ‘मगर’ हा साधा शब्द घ्या. लिहिताना अक्षरे तीन. बोलताना ‘म’ आणि ‘गर्’ असे दोनच ठोके पडतात, कारण अखेरच्या ‘र’मधला ‘अ’ आपण उच्चारीतच नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलाला हा शब्द टाळ्या वाजवीत म्हणावयास सांगा. ते बहुधा दोन टाळ्या वाजवील. भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर कोणते म्हणून विचारा. ते ‘गर’ म्हणेल, आणि थोरली भावंडे खो खो हसतील. वस्तुतः मुलाचा कान निर्दोष आहे. हसणारांना तीन अक्षरे ऐकू येतात ती ते लिहावयास शिकले आहेत म्हणून. आता तेच मूल शाळेत ‘म’, ‘ग’, ‘र’ ही अक्षरे पूर्ण स्वरासह, सारखे वजन देऊन शिकते, आणि फळ्यावरील शब्दापाशी येऊन तीन समान ठोक्यांत ‘म, ग, र’ असे म्हणते. बाई विचारतात, ‘मग काय झालं?’ मूल पुन्हा ‘म, ग, र’ म्हणते. त्याने उच्चारलेल्या त्या तीन ध्वनींतून मगर नावाचा प्राणी निघत नाही, हा काही त्याचा अपराध नव्हे. ‘बसला’, ‘मुलगी’, ‘करवत’ अशा शब्दांत तर गळणारा ‘अ’ मध्यावर असतो. तो कोठे राखावयाचा आणि कोठे गाळावयाचा, याची खूण देवनागरीत नाही; ती मुलाच्या बोलण्यात आहे. ध्वनी जुळवता जुळवता ऐकीव शब्द एकाएकी आठवून ‘मगर!’ असे जेव्हा ते ओरडते, तेव्हा वाचन घडते. आणि जो शब्द त्याने जन्मात ऐकला नाही, तो सगळी अक्षरे अचूक ओळखूनही त्याला नीट वाचता येत नाही.

या दृष्टीने आपल्या शाळांच्या भिंतींवरील तक्ते पाहिले म्हणजे करमणूक होते. ऐरणीचा ‘ऐ’ आणि औताचा ‘औ’ शहरी मुलाच्या कानावर अन्यथा कधी पडावयाचा? ठाण्याच्या एका बालवर्गात एका चिमुरडीने चित्राकडे बोट दाखवून ‘ऐ स्टुलाचा’ असे मला ठामपणे बजावले होते, आणि ऐरणीचा आकार पाहता तिचे म्हणणे खोडून काढणे सोपे नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे गाणी, गोष्टी, गप्पा आणि परिसरातील बिया, पाने, शंखशिंपले यांना जे मानाचे स्थान मिळाले, ते पाहून अनेकांनी ‘मग शिकवता केव्हा?’ असा प्रश्न केला असेल. माझ्या मते वाचनाचा निम्मा अभ्यास तेथेच उरकत होता, कारण ओळखण्याजोगे शब्द आधी कानात साठलेले असावे लागतात.

अक्षरांच्या क्रमाविषयीही आपण हात आणि डोळा यांची गल्लत केली आहे. ‘ग म भ न’ हा क्रम वळणासाठी उत्तम, कारण एकाच दंडाला थोडेथोडे वळण देत हात पुढे सरकतो. परंतु जे हाताला सोयीचे तेच डोळ्याला फसवे असते, आणि एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे लागोपाठ आली की नवख्या मुलाचा ‘भ’ आणि ‘म’ यांत, पुढे ‘घ’ आणि ‘ध’ यांत घोटाळा होतो. शिवाय काना हाती नसेल तर या चार अक्षरांतून मुलाच्या तोंडचे शब्द कितीसे होणार? याउलट ‘क’, ‘म’, ‘ल’ आणि काना एवढेच भांडवल पहिल्या काही आठवड्यांत दिले, तर काका, मामा, काम, मका, माल, लाल असे ओळखीचे शब्द त्याला लगोलग वाचता येतात. सगळी मूळाक्षरे संपल्यावर काना, काना संपल्यावर वेलांटी, हा दप्तरी शिस्तीचा क्रम शिकविणाराच्या सोयीचा आहे, शिकणाराच्या नव्हे.

जोडाक्षरांची तर आपण नाहक धास्ती घेतली आहे. ती शेवटी ठेवावीत असा संकेत आहे. परंतु मराठीत ‘पाणी’ सोप्या अक्षरांत असले, तरी बेडकाने ‘पाण्यात’ उडी मारताच जोडाक्षर येते, आणि ‘माझ्या’, ‘त्याच्या’ हे शब्द टाळून मराठी मुलाशी दोन वाक्येही बोलता येत नाहीत. टाळण्याच्या खटपटीत तयार होतात ती ‘कमल नमन कर’ छापाची वाक्ये, जी कोणत्याही घरात कोणीही बोलत नाही.

काही चुका लिपीच्याच घडणीतून येतात. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येते, पण कागदावर त्याच्या आधी उभी असते. म्हणून डावीकडून उजवीकडे इमानाने वाचणारे मूल ‘कि’ पाहून ‘इक’ म्हणते, आणि नियम पाळल्याबद्दल बोलणी खाते. रफार याच्या उलट: ‘सूर्य’ म्हणताना ‘र्’ आधी, लिहिताना तो ‘य’च्या डोक्यावर. मठातल्या आचार्यांना आणि लग्नघरच्या आचाऱ्यांना वेगळे ठेवणारा ‘र’ तर चौथीपाचवीतही घोळ घालतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत ‘झ’ एकच दिसतो आणि दोन तऱ्हांनी उच्चारला जातो, ‘अंक’, ‘अंत’, ‘अंबा’ यांतील अनुस्वार तीन आवाज काढतो, हे मोठ्यांच्या ध्यानातही नसते. जुन्या पिढीला मात्र याहून जड ओझे वाहावे लागे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखनविषयक नियमांनी ‘पांच’, ‘नांव’, ‘घरें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि शब्दाच्या अखेरीचे इकार-उकार दीर्घ ठरविले, तेव्हा ‘भाषा बुडाली’ अशी ओरड झाली. मुलांच्या बाजूने विचारले असते तर तो निकाल एकमताने झाला असता.

एवढे सगळे पचावयास वेळ लागतो. कन्नड लिपीची रचना देवनागरीसारखीच आहे, आणि कन्नड मुलांविषयी सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरे आत्मसात करण्याचे काम चौथीपर्यंत चालूच राहते असे दिसून आले. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला २६ अक्षरे वर्षभरात येतात, त्याचा झगडा पुढे स्पेलिंगशी. आपल्या मुलाचा झगडा अक्षरांच्या राशीशीच दीर्घकाळ चालतो. म्हणून तिकडील कालमान जसेच्या तसे आणून येथे लावणे अन्यायाचे आहे. केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान काढून तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले, ते योग्यच. मुदत असल्यावाचून सरकारी यंत्रणा हलत नाही. परंतु वरून निघालेला हुकूम वर्गापर्यंत उतरेतो त्यातील ‘समजून’ हा शब्द वाटेत गळतो आणि मिनिटाला किती शब्द एवढीच बाब तक्त्यात भरली जाते.

समजून वाचणाऱ्या मुलाची खूण कोणती, हे एका उदाहरणाने सांगते. सातारा जिल्ह्यातील एका वस्तीशाळेत दुसरीतील एक मुलगा पुस्तकातील ‘आई घरात आहे’ हे वाक्य वाचीत होता. ‘आई’पाशी थांबला, ‘घरात’ला ‘धरात’ म्हणाला, मागे फिरून ‘घरात’ असे सुधारले, आणि मग एका दमात म्हणाला, ‘आय घरात हाय.’ शेजारी बसलेल्या शिक्षकांनी तत्क्षणी टोकले, दोन शब्दांखाली तांबडी रेघ ओढली, आणि तीन शब्दांपैकी एकच बरोबर धरला. वास्तविक ‘धरात’ असे काही नसते हे त्याला स्वतःला उमगले, आणि छापील ‘आहे’वरून नजर फिरताच त्याच्या तोंडून त्याच्या घरातील ‘हाय’ बाहेर पडला. केवळ अक्षरे फोडणारे मूल ‘आ, हे’ असेच म्हणाले असते. अर्थ पोचल्यावाचून ‘हाय’ निघणे शक्य नाही. प्रमाण उच्चार त्याला वर्षा-दोन वर्षांत आपोआप येईल. तपासणीचा कागद माझ्या हाती असता, तर त्या वाक्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.