मुख्य पीक आणि आंतरपीक

आमच्या खानदेशात कपाशीच्या शेतात अधूनमधून तुरीचे तास दिसतात. नवख्या माणसाला वाटते, एवढी काळी जमीन, तर सगळी कपाशीच का लावत नाहीत? पैसा तर कपाशीचाच! पण शेतकरी जाणून असतो. तुरीचे मूळ खोल जाते, पाऊस लांबला तरी ती तग धरते. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. शिवाय वर्षाची डाळ घरात येते ती वेगळीच. कपाशी मुख्य पीक, तूर आंतरपीक.

हे सगळे आज आठवले ते संगणकावरच्या एका खेळामुळे. हसू नका! धुळ्याचा आमचा नातू 'बझरबीटर' नावाचा खेळ खेळतो. 2007 पासून चालत आलेला हा खेळ बास्केटबॉलचा आहे, पण यात चेंडू हाती येतच नाही. आपण संघाचे व्यवस्थापक. खेळाडू घ्यायचे, त्यांचे पगार द्यायचे, आणि मुख्य म्हणजे त्यांना शिकवायचे. शिकवायचे म्हटल्यावर मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. जन्माची सवय, दुसरे काय!

नियम मोठे मार्मिक आहेत. आठवड्याला संघाचे एकच प्रशिक्षण निवडता येते. उंच खेळाडूची मुख्य कौशल्ये म्हणजे बास्केटजवळून गोल करणे, तिथला बचाव, रिबाउंड पकडणे. पास देणे, चेंडू हाताळणे, लांबून नेम साधणे ही त्याची दुय्यम कौशल्ये. उंच पोरगा पहिली भराभर शिकतो, दुसरी सावकाश. बुटक्याचे नेमके उलटे. वय वाढेल तसे शिकणे सगळ्यांचेच मंदावते. अठराव्या वर्षी जे काही आठवड्यांत येते, त्याला पुढे कितीतरी जास्त वेळ लागतो.

मी म्हणालो, "मग सरळ आहे. जे लवकर येते ते आधी शिकवून टाक."

नातू म्हणाला, "नाही आप्पा, तिथेच तर मेख आहे. पगार मुख्य कौशल्यांवर ठरतो. ती आधी वाढवली तर पोरगा महाग होतो, पण एकसुरीच राहतो. अवघड ते लहानपणीच शिकवायचं. सोपं काय, नंतरही येतं."

मला हे पटले, पण याची किंमतही असते. उंच पोराला पास शिकवायचा तर त्या आठवड्याच्या सामन्यात त्याला गार्डच्या जागेवर खेळवावे लागते. पूर्ण फायदा हवा तर 48 मिनिटे! तिथे तो गडबडतो, आणि संघ हरतो. म्हणजे दुय्यम कौशल्य फुकट मिळत नाही, आजच्या गुणफलकावर त्याचे मोल चुकते करावे लागते.

आणि हे नुसते संगणकातले गणित नव्हे. सर्बियाचा निकोला योकिच बघा. उंची सात फुटांच्या आसपास, जागा सेंटरची. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एनबीएच्या निवडीत त्याचा क्रमांक 41 वा होता. त्याच्याआधी चाळीस जणांना पसंती मिळाली! पण या उंच गड्याला गार्डसारखा पास देता येतो. पुढे 2021, 2022 आणि 2024 साली तो त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 2023 मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाने विजेतेपद मिळवले. बास्केटबॉल हा खेळच मुळी 1891 साली जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना छपराखाली खेळता यावे म्हणून शोधला, हे जाता जाता सांगतो. आम्हा मास्तरांना तेवढाच अभिमान!

इतक्या लांब तरी कशाला जायचे? आमच्या जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी. शेत आणि संसार हे त्यांचे मुख्य काम. अक्षरओळख नाही. काम करता करता त्या ओव्या रचत गेल्या, त्याचा मोबदला कोणी दिला नाही. त्या 1951 साली गेल्या आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आता मुद्द्याचे. आमचा नातू यंदा अकरावी विज्ञानला गेला. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लागला. तो रोज संध्याकाळी मैदानावर खऱ्या बास्केटबॉललाही जातो. घरात ठराव झाला, दोन वर्षे मैदान बंद. जावईबापूंचे म्हणणे चुकीचे नाही. आठवड्याला एकच प्रशिक्षण, हा नियम आयुष्यालाही लागू आहेच. दिवसाचे तास वाढवता येत नाहीत. मैदानावर गेलेला तास गणिताचा कमी होतो, चार गुण इकडेतिकडे होतात, आणि आज चार गुणांना किंमत आहे हे मास्तराला कोणी सांगायला नको.

पण मी चार दशके वर्गात उभा राहिलो. पहिले आलेले पुष्कळ पाहिले. त्यातली काही मुले एका अपयशाने अशी कोसळली की सावरायला वर्षे गेली, कारण परीक्षेवाचून दुसरे काही त्यांच्याजवळ नव्हतेच. हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणे, आपल्याला मिळालेला चेंडू दुसऱ्याला देणे हे सोळाव्या वर्षी अंगात मुरते. तिशीत त्याचा क्लास लावून भागत नाही.

म्हणून मी लेकीला आणि जावईबापूंना एवढेच म्हणालो, की आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्याच्या त्याला ठेवा, बाकी पाच क्लासला द्या. तुरीचे तास किती घालायचे यालाही माप असते. सात-आठ ओळींमागे एखादी ओळ ठीक. त्याहून दाट झाली तर कपाशी झाकोळते, तेही मला मान्य आहे. पण तूर पेरण्याचे दिवस मृगाचेच. कपाशी वेचून झाल्यावर तूर पेरू म्हणणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

जावईबापू "बघू" म्हणाले आहेत. खानदेशात "बघू" म्हणजे नकार नव्हे, एवढ्यावर मी समाधानी आहे. धुळेकर मंडळींनी हे वाचून रागावू नये. म्हातारा घरात जे बोलला, तेच इथे लिहितो आहे.