आराखड्यात नसलेले पाणी

लोकसाहित्यावरील लघुप्रबंधाचा आराखडा आम्ही मुंबईतल्या एका ग्रंथालयात बसून तयार केला. विषय होता, शहापूर-मुरबाड परिसरातील जात्यावरच्या ओव्या. पाच प्रकरणे, तीन गृहीतके, आणि क्षेत्रीय कामासाठी एप्रिल-मे. कारण सुट्टी तेव्हाच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जमविलेल्या, लाखाहून अधिक भरणाऱ्या ओव्यांचा आदर्श समोर होता. त्यामागे किती वर्षांचा सहवास होता, याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता.

शहापूर तालुक्यातल्या पाड्यावर पोचलो, तेव्हा घरांत म्हातारी माणसे आणि मुलेच होती. बाया विहिरीवर टँकरची वाट पाहत होत्या. टळटळीत उन्हात हंडे घेऊन परतलेल्या बाईला 'ओवी म्हणा' असे सांगायला आमची जीभ रेटेना. १८९२पासून मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव याच तालुक्यातला. भातसा धरणही इथलेच. आराखडा आखताना आम्ही कुठले पाणी पीत होतो, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

मुरबाडकडे, माळशेजच्या पायथ्याच्या एका गावात, आजींनी गिरणी आल्यापासून अडगळीत पडलेले जाते दाखवले. ओवी मात्र आठवेना. हात फिरल्याशिवाय शब्द यायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर मूठभर नाचणी घातली, खुंट्याला आम्हीही हात लावला, आणि ओव्या येऊ लागल्या. त्यांत माहेरची वाट होती, भाऊ होता. पण पाणवठा आणि रिकामा हंडा पुन्हा पुन्हा येत होता. आमच्या वर्गीकरणात देवादिक, नातीगोती, सणवार असे कप्पे होते. पाण्याला कप्पा नव्हता.

परतल्यावर पाण्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. मार्गदर्शकांनी ते विषयबाह्य ठरवले. मुदत जवळ आली होती. आम्ही वाद न घालता ते काढून टाकले. प्रबंध मान्य झाला. त्या ओव्या 'संकीर्ण' या शीर्षकाखाली परिशिष्टात गेल्या. दोष केवळ मार्गदर्शकांचा म्हणवत नाही; जे डोळ्यांनी पाहिले होते, त्याच्या बाजूने आम्हीच उभे राहिलो नाही.

आता विद्यार्थी आराखडा घेऊन येतात, तेव्हा आम्ही गृहीतकांआधी वेळापत्रक पाहतो. कोणत्या महिन्यात जाणार, असे विचारतो. आणि त्या महिन्यात तिथली माणसे काय करत असतात, हेही.