वेगळा ठेवलेला पेला

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पेडगावच्या आमच्या वस्तीत विहारात ग्रंथवाचन बसते. त्याआधी अंगण साफ करावे लागते, कारण पहिल्या पावसातच तेथे गाजरगवत माजते. गेल्या वर्षी या कामाला आमच्या एक वहिनी आल्या नाहीत.

जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केलेली ही बाई. पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून जाड झालेली, कोपराच्या लवणीत चिरा पडून पाणी सुटलेले. रात्रभर खाज. कुणी म्हणाले देवीचा कोप, कुणी म्हणाले लागट रोग. सांगायला लाज वाटते, पण आम्हीच त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर भाषणे करणारे आम्ही!

शेवटी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, काम काय करता?" उत्तर त्या प्रश्नातच होते. ही गाजरगवताची अॅलर्जी. एकाची दुसऱ्याला लागत नाही.

पांढऱ्या बारीक फुलांचे हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात १९५५ साली पुण्यात ते प्रथम नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर आले असे सांगतात. एक झाड हजारो बी टाकते. त्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य कातडीला बाधते. पहिल्या दिवशी काही होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. वर्षानुवर्षे हात लागला की एक दिवस शरीर बंड करते. मग वाऱ्याने उडालेली वाळकी भुकटीही पुरते. उन्हात त्रास वाढतो. परागाने कुणाला शिंका, कुणाला दमा होतो.

बंधू-भगिनींनो, उपाय घरचेच आहेत. गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातात मोजे, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. पूर्ण बाह्या, नाकातोंडाला रुमाल. काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. ज्याला एकदा त्रास झाला त्याने हे काम करूच नये. फुले न आलेले गवत खड्ड्यात कुजवले तर खत होते. फुलावर आलेले खतात टाकले तर बी शेतात जाते. मोकळ्या जागेत पावसाच्या तोंडाशी तरोट्याचे बी फेकावे, तो गाजरगवताला दाबतो. मेक्सिकन भुंगेही याची पाने खाऊन फस्त करतात. १९८३ साली ते मेक्सिकोहून बंगळूरला आणले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ते शेतकऱ्यांना दिलेले आहेत, तेथे चौकशी करावी. अंगावर उठले तर चुना, रॉकेल लावू नये, की दुकानातून मनाने मलम आणू नये. डॉक्टरांनाच दाखवावे.

आणखी एक. रोजाने गवत काढायला बोलावणाऱ्याकडे मोजे मागावेत. ती भीक नव्हे, मजुराचा हक्क आहे. अर्ज लिहिण्यात आमची उमर गेली. ज्याला हवा त्याला आम्ही लिहून देऊ.

दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. आम्ही ते रोज वाचत होतो. वहिनींच्या मानेकडे पाहताना मात्र विसरलो.

औषधाने आणि काम बदलल्याने वहिनींना उतार पडला. गवताचे काम त्यांनी सोडले, आता घरीच शिवणकाम करतात. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली, तेव्हा खीर वाढायला त्यांनाच उभे केले. त्या आधी मागे सरल्या. आम्ही पेला पुढे केला आणि म्हणालो, "वहिनी, आधी आम्हाला वाढा."

जय भीम!